हुकूम संपतो तिथे

खोपोलीचे एक निवृत्त सुभेदार परवा चहा पिता पिता म्हणाले, "भाई कोतवालांबद्दल आदर आहे, पण त्याला युद्धसेवा म्हणू नका. वर्दी नाही, पलटण नाही, पदक नाही." मी तेव्हा गप्प बसलो, आणि ते गप्प बसणं आठवडाभर सलत राहिलं.

भाई कोतवाल कर्जत-खालापुरात कुणाला सांगायला नकोत. माथेरानचे, वकील, आझाद दस्त्याचे म्होरके. २ जानेवारी १९४३ रोजी हिराजी पाटलांसह सिद्धगडावर पोलिसांच्या गोळ्यांनी गेले, वय अवघं तीस. सांगायला हवं ते विजेचं. खोपोलीचं वीजघर १९१५चं, भिवपुरीचं १९२२चं. घाटमाथ्यावर अडवलेलं पावसाचं पाणी नळांतून खाली कोसळतं आणि त्याची वीज मुंबईला जाते. त्या विजेवर गिरण्या चालत, आणि महायुद्धात गिरण्या लष्करासाठीही कापड विणत. 'चले जाव'नंतर दस्त्याने तारांचे मनोरे पाडले, ते या रसदेवरच घाव घालायला. सुभेदारांनीच सांगावं, रसद तोडणं हे युद्ध नाही तर काय?

मी नेहमी एक फरक करत आलो आहे. काही जण हुकमाने लढतात, काही निर्णयाने. कोतवालांना हुकूम देणारं कुणी नव्हतं. शिवाय ते वकील. सामान्य माणूस भीतीपोटी कायदा पाळतो, कारण त्याला शिक्षेचा नेमका अंदाज नसतो. वकिलाला तो असतो. सावकाराच्या कागदावर अंगठा उठवला की कुळाचं भात खळ्यावरूनच कसं जातं, हे कोतवालांनी जवळून पाहिलं होतं. म्हणून तर त्यांनी आधी शेतकऱ्यांसाठी धान्यकोठार उभं केलं. मनोरा त्यानंतरचा. मला स्वतःला ते कोठार मनोऱ्याइतकंच मोठं वाटतं.

सुभेदारांना हे उत्तर द्यायचं ठरवलं, आणि माणगावचे यशवंत घाडगे आठवले. तेव्हाचा जिल्हा तोच कुलाबा, युद्ध तेच. १० जुलै १९४४, इटली. जवळून आलेल्या मशीनगनच्या माऱ्यात तुकडीतले सगळे पडले, नाईक घाडगे एकटे उरले. ते धावत गेले, हातबॉम्बने मशीनगन गप्प केली, काडतुसं भरायला वेळ नव्हता म्हणून बंदुकीच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना लोळवलं, आणि मग शत्रूच्या गोळीने पडले. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस.

त्या क्षणी त्यांना हुकूम कोण देत होतं? मागे कुणी उरलंच नव्हतं. माझा लाडका फरक तिथे टिकत नाही. जे सरकार एकाला सर्वोच्च पदक देत होतं, त्याच सरकारने दुसऱ्याच्या शिरावर इनाम लावलं होतं; पण पदक आणि इनाम दोन्ही सरकारचे हिशेब. त्यांच्या जोरावर मी कोतवालांना घाडग्यांच्या वर बसवायला निघालो होतो, आणि सुभेदार खाली. दोघांची चूक एकच.

येत्या २ जानेवारीला सुभेदारांना सिद्धगडाला चला म्हणणार आहे. आणि त्यांनी मला माणगावला न्यावं, घाडग्यांच्या पुतळ्यापाशी.