गोल डोळा आणि सरळ चित्र

हिंगणघाट हें कापसाचें गांव. कापूस पारखण्याची तेथें जुनी रीत आहे : व्यापारी ढिगांतून चिमूटभर कापूस घेतो, दोन्ही बोटांनीं ताणतो, तंतु किती लांब निघतो तें पाहतो, आणि समोर उभा असलेला शेतकरी त्याच्या मुद्रेकडे पाहतो. पाहणाराही पाहिला जातो. गेल्या हिवाळ्यांत तेथल्याच माझ्या भाच्याच्या दुकानांत मीं निराळ्या जातीचें पाहणें अनुभविलें.

दुकानाच्या छताला मधोमध वाटीएवढा कॅमेरा आहे. त्याला मत्स्यनेत्र म्हणतात. पाण्याखालून वर पाहणाऱ्या माशाला, प्रकाशाच्या वक्रीभवनामुळें, क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचें आकाश सुमारें ९७ अंशांच्या गोलांत एकवटलेलें दिसतें. रॉबर्ट वुड या अमेरिकन पदार्थवैज्ञानिकानें १९०६ सालीं पाण्यानें भरलेल्या भांड्याचाच कॅमेरा करून तशीं चित्रें घेतलीं व हें नांव दिलें. दुकानांतला डोळाही चारी भिंती एका वर्तुळांत कोंबतो. संगणकावर ब्राउझर उघडला कीं भिंतींच्या आडव्या कडा धनुष्यासारख्या वाकलेल्या दिसतात. मग माउसनें वर्तुळाचा एखादा भाग निवडावा. गणितानें तेवढाच सरळ होऊन चौकोनांत येतो, आणि तो चौकोन हवा तिकडे फिरवितां येतो. छतावरचा डोळा मात्र जागचा हलत नाहीं. मान वळविणाऱ्या कॅमेऱ्याची नजर कोणीकडे आहे हें निदान खालच्या माणसाला कळे. येथें तेंही नाहीं.

एके दिवशीं गल्ल्यांतल्या कांहीं नोटा दिसेनाशा झाल्या. संशय हमालावर गेला. भाच्यानें चौकोन पेटीवर आणला. हमालाचा हात तिच्याकडे जातांना स्पष्ट दिसला.

“मामा, आतां आणखी काय पाहायचें?”

सुदैवानें सांठविलेलें होतें तें पूर्ण वर्तुळ. नुसता चौकोन सांठविण्याचीही सोय असते. ती योजिली असती तर बाकीचें दुकान कायमचें हरपलें असतें. मीं चौकोन जरा सरकवायला सांगितला. पेटीपलीकडे पाण्याचा तांब्या होता, आणि हात त्या तांब्याकडे जात होता. नोटा भाच्यानेंच सकाळीं वहींत घालून वही कपाटांत ठेविली होती, हेंही पुढें सांपडलें.

यंत्रानें न्याय केला, असें म्हणून मोकळें होणें सोपें आहे. परंतु चूकही त्याच चौकोनानें घडविली होती. वर्तुळाच्या कडेला तपशील थोडा असतो. सरळ करतांना तोच ताणून पसरला जातो. गणित रेषा सरळ करतें, नवें ज्ञान आणीत नाहीं. वाकड्या चित्रापुढें आपण सावध तरी असतों. सरळ झालेल्या चित्राविषयींचा आपला संशय निजतो आणि माणसाविषयींचा जागा राहतो.

शिवाय, त्याला निर्दोष ठरविण्यासाठीं आम्हीं दोन तास त्याचा दिवस पाहिला. भाकरी त्यानें कोठें बसून खाल्ली, खिशांतली चिल्लर किती वेळां मोजली, एकटा असतां कसा कंबर धरून बसला. यांतलें चोरीशीं निगडित असें कांहींच नव्हतें. सर्वोच्च न्यायालयानें २०१७ सालीं खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला खरा. पण त्या दोन तासांत आम्हांला त्याची आठवणही झाली नाहीं.

ज्याच्यावर संशय, त्याला शेजारीं बसवून चौकोन फिरवावा, कोठें पाहावें हें त्यालाही सांगूं द्यावें, असें मीं सुचविलें. “हमालाला गल्ल्यामागें बसवूं?” म्हणून भाचा हंसला.

हमालाला यांतलें कांहींच ठाऊक नाहीं. परवां मी दुकानांत गेलों तेव्हां नेहमीप्रमाणें त्यानें तांब्या भरून माझ्यापुढें ठेविला, आणि मला त्याच्या तोंडाकडे पाहवेना.