कंप आणि औषध

कुरुक्षेत्रावर अर्जुनाचे अंग कापू लागले, गांडीव गळू लागले. त्याचे मूळ मोहात होते, म्हणून भगवंतांनी उपदेश केला. परंतु रंगमंचावर जाण्यापूर्वी व्हायोलिनवादकाचा हात कापतो, तेव्हा त्याने प्रोप्रॅनोलॉलची गोळी घेणे अधर्म ठरेल काय? १९८७ च्या पाहणीत अमेरिकेतील वाद्यवृंदांच्या सुमारे २७ टक्के वादकांनी अशी औषधे घेतल्याचे सांगितले. ती हृदयाची धडधड व कंप आवरतात. कौशल्य देत नाहीत. (दमेकऱ्यास मात्र घातक ठरू शकतात.) साधनेने मिळविलेला सूर श्रोत्यांपर्यंत पोहोचावा, म्हणून वैद्याच्या सल्ल्याने घेतलेल्या औषधात कपट नाही. धनुर्विद्येच्या स्पर्धेत तीच गोळी निषिद्ध आहे, कारण तेथे हाताच्या स्थैर्याचीच परीक्षा असते. वाद्यवृंदातील एका जागेसाठी अनेक उमेदवार वाजवितात, तेथे प्रश्न बिकट होतो. आपण गोळी घेतली आहे, हे शेजारी कापत बसलेल्या उमेदवारास तो उघडपणे सांगू शकेल काय?