सप्टेंबरची बाग आणि सम्यक व्यायाम



दक्षिण इंग्लंडमध्ये सप्टेंबरात माती अजून उबदार असते. बागेत आता चार कामे करा: तणाचे बी गळण्याआधी तुरे खुडा, उगवलेले तण मुळासकट उपटा, डॅफोडिलचे कंद लावा, जुन्या झाडांभोवती कुजलेले खत पसरा.

तथागतांनी सांगितलेला सम्यक व्यायामही चार प्रकारचा आहे: न उपजलेले अकुशल रोखणे, उपजलेले सोडणे, न उपजलेले कुशल उपजवणे आणि उपजलेले जोपासणे.

घरातही हेच. मुलांना रागावून आपण तण उपटतो. पण त्यांच्यासोबत बसून त्रिशरण-पंचशील म्हणतो का? नुसत्या उपटलेल्या वाफ्यात पुन्हा तणच माजते. कंद आज लावा. फूल मार्चमध्ये दिसेल.

सर्वांचे मंगल होवो.