विरणारा स्वर

शास्त्रीय गिटार ऐकणं म्हणजे साधना आणि रॉक गिटार म्हणजे धिंगाणा, अशी वाटणी आमच्याकडे सर्रास होते. चांगले कानसेन म्हणवणारेही ती करतात. मी नेवासे तालुक्यातला, भजनात पखवाज वाजवणारा माणूस. गिटार मला वाजवता येत नाही. भाचा वाजवतो आणि त्याच्यामुळे दोन्ही प्रकार माझ्या कानांवर पुष्कळ पडले आहेत. दोहोंत फरक आहे आणि तो मोठा आहे, पण तो सोवळ्याओवळ्याचा नव्हे. जे विरणारच आहे त्याच्याशी माणसाने कसं वागावं, या फार जुन्या प्रश्नाशी तो जाऊन भिडतो.

गिटारची तार छेडली की स्वर जन्मतो आणि त्याच क्षणापासून विरू लागतो. गळ्याला, बासरीला, सारंगीला स्वर धरून ठेवता येतो. श्वास किंवा गज चालू आहे तोवर तो जगतो. शास्त्रीय गिटारवाल्याला ही सोय नाही. नायलॉनच्या तारा, उजव्या हाताची घासून नीट केलेली नखं आणि लाकडाची पोकळी, एवढंच त्याचं भांडवल. पखवाजवाल्याला हे चटकन उमगतं. धुमेला कणीक कितीही बेतशीर लावा, घुमारा क्षणभर राहतो आणि जातो.

स्पेनच्या फ्रान्सिस्को तारेगाची (१८५२–१९०९) 'रेकुएर्दोस दे ला अलाम्ब्रा' ही रचना भाच्याने मला पहिल्यांदा ऐकवली तेव्हा तो म्हणाला, "मामा, स्पीड बघा!" मी म्हटलं, "बघायला नको, ऐकू दे." त्या रचनेत अंगठा खर्जाचे स्वर एकेक करून टाकत जातो. त्याच्या मागोमाग अनामिका, मधलं बोट आणि तर्जनी एकाच तारेवर पाठोपाठ पडतात. पुन्हा अंगठा, पुन्हा ती तिघं. कानाला मात्र एक लांब, अखंड सुरावट ऐकू येते. प्रत्यक्षात तिथे अखंड असं काहीच नाही. प्रत्येक आघात विरतो आहे आणि दुसरा त्याच्या जागी उभा राहतो आहे. बौद्धांनी जगाबद्दल जे क्षणिकत्व सांगितलं, ते इथे सहा तारांवर ऐकायला मिळतं.

वेग हा या वादनातला सर्वांत वरवरचा गुण आहे. खरी मेहनत तिन्ही बोटं सारखी पडावीत यासाठी असते. अनामिका जरा जड पडली तरी सुरावट लंगडते. ज्याला आपण कसब म्हणतो ते इथे प्रत्येक बोटाने आपलं वेगळेपण सोडून देण्यात आहे. म्हणून मला वाटतं, कसबामुळे कर्तेपण वाढलंच पाहिजे असा नियम नाही. वाजवणारा शेवटच्या पायरीला पोचला की ऐकणाऱ्याला बोटं आठवतच नाहीत. शास्त्रीय गिटारवादक आंद्रेस सेगोव्हिया (१८९३–१९८७) मोठमोठ्या सभागृहांत ध्वनिक्षेपकाशिवाय वाजवायचे. आवाज वाढवायचा नाही, ऐकणाऱ्यांनी शांत व्हायचं, असा तो व्यवहार होता. अर्धी साधना श्रोत्याच्या पदरात टाकलेली.

इलेक्ट्रिक गिटारने विरणं नाकारलं. पोलादी तारेखाली चुंबक आणि तांब्याचं वेटोळं असतं. तारेचं थरथरणं विजेत उतरतं आणि ॲम्प्लिफायरमधून कितीतरी पट मोठं होऊन बाहेर पडतं. तो आवाज पुरेसा मोठा झाला की तोच तारेला पुन्हा हलवतो आणि स्वर विरतच नाही. सप्ताहाच्या मंडपात माईक कर्ण्यासमोर गेला की जी शीळ उठते ती याच जातीची. आपण कानांवर हात ठेवतो; रॉकवाल्यांनी तिला वश केलं. ऑगस्ट १९६९ मध्ये वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवलं, तेव्हा त्या शिळेतून त्याने बॉम्ब पाडले. व्हिएतनामचं युद्ध चालू होतं. ते वादन ऐकून मी हललो आहे, त्याला धिंगाणा म्हणणं मला जमणार नाही. तरीही एक गोष्ट मनातून जात नाही. स्वतःचाच आवाज फिरून स्वतःकडे येतो आणि त्याच्यावरच स्वर जगतो, अहंकाराचं याहून नेमकं रूप मी पाहिलेलं नाही.

आणि या गिटारचा एक मोठा वादक आमच्या जिल्ह्यात आला तो एका मौनी सत्पुरुषाच्या ओढीने. नगरहून दौंड रस्त्याला अरणगावपाशी मेहेराबाद आहे. १० जुलै १९२५ला मेहेरबाबांनी तिथे मौन धरलं आणि ३१ जानेवारी १९६९ला देह ठेवेपर्यंत ते पाळलं. 'द हू' या रॉक बँडचा गिटारवादक पीट टाउनशेंड त्यांचा भक्त झाला. १९७१च्या 'बाबा ओ'रायली' या गाण्याच्या नावातले बाबा म्हणजे मेहेरबाबाच. १९७२मध्ये तो मेहेराबादला येऊन समाधीपुढे उभा राहिला.

हाच माणूस रंगमंचावर गिटार फोडण्यासाठी प्रसिद्ध होता. १९६४मध्ये लंडनजवळ हॅरोला एका बुटक्या छताला आपटून त्याची गिटार अपघाताने मोडली; पुढे ते फोडणं हा खेळाचा भागच झाला. अहंकार फोडण्याचं ते प्रतीक, असं कुणी म्हणेल. मला पटत नाही. आमच्याकडे वाद्याला चुकून पाय लागला तर हात लावून नमस्कार करतात, दसऱ्याला त्याची पूजा होते. वाद्य फोडणाऱ्याला टाळ्या मिळतात, म्हणजे फोडणारा शाबूतच राहतो. पण 'बाबा ओ'रायली' नीट ऐका. गाणं सुरू होऊन बराच वेळ गिटार येतच नाही. आली की तीन साधे कॉर्ड वाजवते. मेहेरबाबांची परवरदिगार प्रार्थना त्याने १९७२च्या आपल्या ध्वनिमुद्रिकेत संगीतबद्ध केली, तिथे तर सगळी आदळआपट गळून गेली आहे. मौनाची ओढ लागल्यावर त्याच्या हाताला थांबता आलं, असं मी समजतो.

मेहेरबाबांची स्वतःची आवडही सोवळी नव्हती. त्यांच्या इच्छेप्रमाणे समाधीपाशी कोल पोर्टरचं 'बिगिन द बिगीन' वाजवलं गेलं. नाचाच्या तालावरचं प्रेमगीत! तेव्हा देवाला कुठली गिटार पोचते हा प्रश्न मी माझ्यापुरता निकालात काढला आहे. दोन्ही पोचतात. मात्र ऐकणाऱ्याला घडवते ती विरणारी गिटार, कारण तिथे त्याला कान पुढे न्यावा लागतो. माझा कौल तिला.

भाचा विचारतो, "मग तुमचा सप्ताह, मामा? तिथेही वीजच बोलते की." त्याचं बरोबर आहे. ज्या नेवाशात १२९०मध्ये ज्ञानेश्वरांनी सुमारे नऊ हजार ओव्या सांगितल्या आणि शेवटी मागणं मागितलं ते साऱ्या जगासाठी, त्या परिसरात आज गावोगावी कर्णे एकमेकांवर कुरघोडी करतात. टाळकरी दोन पावलांवर असतो आणि त्याचा टाळ कर्ण्यातून ऐकावा लागतो.

माझी जिल्ह्यातल्या सप्ताह कमिट्यांना विनंती आहे. यंदा रोज एक तास, काकड्यानंतरचा चालेल, ध्वनिक्षेपक पूर्ण बंद ठेवा. ज्यांना ऐकायचं आहे ती माणसं जवळ येऊन बसतील.