दोनच शिल्लक

मागच्या दिवाळीच्या तोंडावर रात्री अडीच वाजता मी मोबाइल विकत घेतला. दुकान उघडं नव्हतं, मीही घरी नव्हतो. रात्रपाळीत चहाभाकरीला अर्धा तास मिळतो, त्यात घेतला. जुना चालत होता. काच तडकलेली होती, पण काच तडकली म्हणून बोलणं थांबत नाही. पडद्यावर लाल अक्षरं आली : दोनच शिल्लक. खाली घड्याळ उलटं पळत होतं. चार मिनिटं. तीन मिनिटं पन्नास सेकंद. त्याच्याही खाली, इतकी इतकी माणसं आत्ता हेच बघत आहेत. मला ती माणसं दिसायला लागली. केसात कापूस, भुवयांवर कापूस, आणि मी त्या न दिसणाऱ्या माणसांशी शर्यत लावून अंगठा दाबला. नऊ हप्ते. आईच्या चष्म्याला बाजूला काढलेले पैसे पहिल्या हप्त्यात गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झोपून उठलो आणि बघितलं. तोच मोबाइल, तीच किंमत. दोनच शिल्लक. घड्याळ पुन्हा चार मिनिटांवर.

फसलो, हसलो, एवढ्यावर सोडून दिलं असतं. खात्यातल्या पोरांनी हसून घेतलंच. पण मला तेव्हापासून एक प्रश्न सोडत नाही. तो निर्णय कुणाचा? माझ्या गळ्याला सुरी कुणी लावली नव्हती. अंगठा माझा, पैसा माझा, कर्ज माझं. तरी ‘मी घेतला’ असं म्हणताना जीभ अडखळते. ज्या माणसाला आपण कार्यकर्ता म्हणतो, जो भाषणात माणसाच्या स्वाभिमानावर आणि स्वतंत्र बुद्धीवर तासभर बोलतो, त्याची बुद्धी चार मिनिटांच्या घड्याळापुढं कुठं जाते?

मी शिकलेला माणूस नाही, दहावीनंतर जे वाचलं ते पाळी सुटल्यावर वाचलं. एका ठिकाणी असं सापडलं की १९७५ साली अमेरिकेत स्टीफन वॉर्चेल आणि त्याच्या सोबत्यांनी बिस्किटांचा प्रयोग केला. काहींना दहा बिस्किटांची बरणी दिली, काहींना दोन बिस्किटांची. बिस्किटं तीच. तरी दोनवाल्यांना ती जास्त हवीशी वाटली. ज्यांच्यापुढं आधी दहाची बरणी ठेवून मग तिच्या जागी दोनाची आणली, त्यांना आणखीच हवीशी. आणि इतरांनी मागून नेली म्हणून कमी पडली असं सांगितलं, तेव्हा तर सगळ्यात जास्त. म्हणजे वस्तू कमी असणं हे एक, दुसरा घेऊन गेला हे दुसरं. ‘इतकी माणसं आत्ता हेच बघत आहेत’ ही ओळ माझ्या मोबाइलवर उगाच लिहिली नव्हती. पन्नास वर्षांपूर्वीच्या बरणीतून ती आली आहे. आपल्या सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला अशा तेरा लबाड्यांची यादी काढून त्यांना मनाई केली, त्यात पहिल्याच नंबरला ही खोटी घाई आहे. मनाई झाली आहे. घड्याळ मात्र मी घेतला त्या रात्री पळत होतं.

पण बिस्किटांनी माझं समाधान झालं नाही. प्रयोगातली पोरं कॉलेजातली. त्यांना बिस्किट मिळालं नाही तर त्यांचं काय जाणार होतं? मी काही कोऱ्या पाटीवर त्या पडद्यापुढं बसलो नव्हतो. मी डॉफर आहे. भरलेल्या बॉबिनी उतरवायच्या, रिकाम्या चढवायच्या, आणि मशीन थांबतं तेवढ्यात हे उरकायचं. मशीन थांबलेला प्रत्येक मिनिट कुणीतरी लिहून घेत असतं. सहा वर्षं माझ्या हातांना हेच शिकवलं गेलं की घड्याळ पळतंय म्हणजे विचार करू नको, हात चालव. तेच हात त्या रात्री चहाच्या टपरीवर होते.

त्याहून जुनं शिक्षण आजीचं. आजीचं माहेर जत तालुक्यातलं. १९७२ च्या दुष्काळात ती नवी नवरी, रोजगार हमीच्या आधीच्या दुष्काळी कामावर खडी फोडायची, सुकडी खायची. रेशनला परदेशातून आलेला लाल मिलो. त्याची भाकरी जनावराच्या तोंडची वाटायची, पण तीही संपेल या धाकानं बायका पहाटेपासून रांगेत दगड ठेवायच्या, आपल्या नावाचा एकेक दगड. तिच्या आईच्या घरी दोरीवर चान्या वाळायच्या. हाय तवर वाळवून ठिवावं, हे तिचं वाक्य. २०१८ ला ती गेली तेव्हा तिची पत्र्याची पेटी उघडली. वाळलेले भाकरीचे तुकडे, साखरेच्या पुड्या पाघळून दगड झालेल्या, काड्यापेट्या, आणि अंगाच्या साबणाच्या अकरा वड्या. घरात साबण संपला म्हणून आम्ही उधार आणायचो तेव्हा त्या अकरा वड्या पेटीत होत्या. आम्ही हसलो आणि मग कुणीच हसलं नाही.

आता सांगा, आजीची भीती खोटी होती का? नव्हती. ज्यानं भूक बघितली त्याला ‘संपेल’ हा शब्द तुमच्याआमच्यासारखा ऐकू येत नाही. बाजाराला हे ठाऊक आहे. ‘दोनच शिल्लक’ हे वाक्य ज्याच्या घरी कधी काही कमी पडलं नाही त्याला खेळ वाटतं, आमच्या घरात ते रांगेतल्या दगडाची आठवण करून देतं. वरून शहाणे आम्हालाच म्हणणार, गरिबांना पैसा वापरता येत नाही, हातात आला की उडवतात. सेंदिल मुल्लैनाथन, एल्डर शफीर आणि त्यांच्या सोबत्यांनी २०१३ साली तामिळनाडूतल्या ऊसकऱ्यांवर केलेलं काम छापलं. तोच शेतकरी, ऊस जायच्या आधी ओढगस्तीत असताना बुद्धीच्या चाचणीत मागं पडला आणि उसाचे पैसे हातात आल्यावर पुढं गेला. माणूस बदलला नव्हता. चिंता डोक्यात जागा अडवून बसली होती ती उठली. आमच्या हातकणंगल्याच्या ऊसवाल्याला विचारा, बिल अडकलं की तो कसल्या कागदावर सह्या करून बसतो.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, बरं आहे गड्या, सगळा दोष दुसऱ्यावर गेला. थांबा. मलाही असंच वाटलं होतं.

टंचाई दोन तऱ्हेची असते. एक नसण्याची, एक न मिळू देण्याची. महाडच्या चवदार तळ्यात पाणी आटलं नव्हतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब ओंजळ घेऊन खाली उतरले तेव्हा तळं भरलेलं होतं, गुराढोरांना मोकळं होतं. आपल्यासाठी तिथं टंचाई होती ती माणसांनी केलेली. १९४३ च्या बंगालमधल्या दुष्काळात वीस ते तीस लाख माणसं मेली. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या पुस्तकात आकडे मांडून दाखवलं की १९४३ ला बंगालमध्ये धान्य १९४१ पेक्षा कमी नव्हतं, आणि १९४१ ला दुष्काळ नव्हता. मग माणसं मेली कशानं? लढाईच्या पैशानं भाव चढले, साठेबाजांनी कोठारं भरली, आणि शेतमजुराची मजुरी होती तिथंच राहिली. भाव अजून चढणार या भीतीनं ज्याच्याकडं पैसा होता त्यानं आधीच भरून ठेवलं. आपल्या काळात नोव्हेंबर २०१६ ला नोटा बंद झाल्या आणि दोन-चार दिवसांत उत्तर प्रदेश-दिल्लीकडं मीठ संपणार अशी आवई उठली. तीन बाजूंनी समुद्र असलेल्या देशात मीठ! तरी लोकांनी चढ्या भावानं पोत्यानं घेतलं, आणि घेतलं म्हणून दुकानातलं खरंच संपलं. खोट्या टंचाईतून खरी टंचाई अशी जन्माला येते, आणि तिचं बाळंतपण आपल्याच हातानं होतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. २४ मार्च २०२० ला रात्री आठला टीव्हीवर सांगितलं, बारापासून एकवीस दिवस सगळं बंद. गिरणी आधीच बंद पडली होती, पण पगार नुकता झालेला, खिशात रोख होती. मी चप्पल न घालता पळालो. कोपऱ्यावरच्या दुकानापुढं झुंबड. तांदळाची पंचवीस किलोची तीन पोती उरली होती. माझ्यापुढच्यानं एक घेतलं. मी दोन घेतली. दुकानदार भाव वाढवून म्हणाला, घ्या, सकाळी हेबी नाही. मी भावही विचारला नाही. एक पोतं खांद्यावर, दुसरं सायकलच्या मागं बांधून, लढाई जिंकून आल्यासारखा घरी आलो. आई म्हणाली, ‘अरं, दोन पोती कुणासाठी रं? आपण माणसं तीन.’ मी चिडलो. तुला कळत नाही म्हणालो.

आमच्या शेजारी एक मावशी राहते. पॉवरलूमवर कांड्या भरते. तिला आठवड्याला पगार. तो आठवडा भरायचा होता, मालकानं शटर खाली ओढलं आणि पैसे राहिले. त्या रात्री तिनंही टीव्ही बघितला होता, तीही घाबरली होती, माझ्याइतकीच, कदाचित जास्त, तिच्याकडं दोन लेकरं. पण भीतीनं खरेदी करायला हातात रोख लागते. माझी भीती पोत्यात भरून घरी आली, तिची भीती तिच्याजवळच राहिली. दोन दिवसांनी कुणाकडून तरी उसने मिळाले तेव्हा दुकानात तांदूळ नव्हता. त्याच वेळी भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामांत नियमानं ठेवायच्या साठ्याच्या दुपटीहून जास्त धान्य पडून होतं. २६ मार्चला माणशी पाच किलो फुकट धान्य जाहीर झालं, पण जाहीर झालेलं वस्तीत पोचायला दिवस लागतात. चौथ्या दिवशी मावशी दारात उभी. हातात पातेलं, पदराखाली झाकलेलं. आईनं पोतं फोडलं आणि मोजून दिला.

मी आत बसलो होतो. बाहेर आलो नाही.

ही गोष्ट मी अभ्यासवर्गात सांगितली तेव्हा एक मोठा भाऊ म्हणाला, हीच तृष्णा, हिचा त्याग करायला भगवंतांनी सांगितलं. मला राग आला. भुकेल्याला तृष्णा सोड म्हणणं सोपं आहे, हजारो वर्षं आपल्याला दुसऱ्यांनीही तेच सांगितलं. धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवीच्या शेतकऱ्याची गोष्ट आहे. हरवलेला बैल शोधून तो उपाशीपोटी धम्म ऐकायला आला, तर बुद्धांनी आधी त्याला जेवू घालायला लावलं आणि मगच बोलायला सुरुवात केली. भूक ही तृष्णा नाही. माझं पहिलं पोतं भुकेचं होतं, त्याबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही. दुसरं पोतं कशाचं होतं, हा प्रश्न आहे. त्याला तृष्णा म्हणा, आजीची पेटी म्हणा. दोन पोत्यांमधली रेघ कुठं ओढायची हे त्या रात्री मला कळत होतं का? खरं सांगू, आईला कळत होतं. तिनं विचारलं होतं. तिनंही दुष्काळाच्या गोष्टी माझ्याइतक्याच ऐकल्या होत्या, सासूच्या हाताखाली जास्तच. म्हणून भीती माझ्या रक्तात होती असं सांगून मला सुटता येत नाही. मोबाइलच्या वेळी जे नुकसान झालं ते माझं आणि आईच्या डोळ्यांचं. तांदळाच्या वेळी मी दुसऱ्याच्या ताटाला हात घातला, आणि त्या बाईचं नावही त्या वेळी माझ्या डोक्यात नव्हतं. रांग दिसत होती, रांगेत नसलेलं माणूस दिसत नव्हतं.

जाता जाता आपल्या घरातलंही बोलतो, रागवू नका. मागं एका जयंतीला दोन महिने आधी आवई आली की शेजारच्या वस्तीनं मोठा साउंड धरला, आता एकच राहिलाय. आमच्या पोरांनी एका रात्रीत वर्गणी फिरवून दीडपट भावानं त्याला इसार दिला. अभ्यासिकेला ट्यूबलाइट आणि स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घ्यायची ठरलेली, ती राहिली ती राहिलीच. नंतर कळलं, साउंडवाल्यानं त्या वस्तीलाही हेच सांगितलं होतं, आमचं नाव घेऊन. दोन वस्त्या एकमेकांना भिऊन त्याला पैसे मोजत होत्या. या दोन वस्त्यांतली पोरं रोज एकाच गिरणीच्या गेटवर भेटतात. पण एकमेकांना विचारलं कुणी नाही.

माझ्या दुसऱ्या पोत्याचं काय झालं तेही सांगतो. पावसाळ्यात त्यात किडे झाले. आईनं उन्हात घालून, पाखडून जेवढा वाचला तेवढा वाचवला. जूनमध्ये माग हळूहळू सुरू झाले, मावशीला काम लागलं, आणि एका संध्याकाळी ती तेच पातेलं घेऊन आली. मोजून आणलेला तांदूळ, आमच्यापेक्षा चांगला. मला वाटलं आई घेणार नाही, असू दे म्हणेल. तिनं घेतला. डब्यात ओतला, पातेलं विसळून परत दिलं, चहा ठेवला. मावशी गेल्यावर मी म्हणालो, का घेतलास? आपल्याकडं काय कमी होतं?

आई म्हणाली, ‘न्हाय घेतला तर ती पुन्हा मागायला येईल का?’