निकाल

अमेरिकेतल्या कॉलेज-बास्केटबॉलवरचा एक लांबलचक इंग्रजी लेख मध्यंतरी मराठीत करत होते. प्रशिक्षकांचं मूल्यमापन कसं करावं, असा त्याचा विषय. खेळातलं मला जेमतेम कळतं, त्यामुळे परिभाषेवर अडखळणार याची तयारी होती. प्रत्यक्षात अडले दोन अगदी साध्या शब्दांवर. लेखकाचं म्हणणं, प्रशिक्षक दोनच गोष्टींवर जोखावा : एक 'रिक्रूटिंग' आणि दुसरी 'रिझल्ट्स'.

दुसऱ्याला मराठीत 'निकाल' हा शब्द तयारच आहे. पण तो लिहिला आणि हात थांबला. परीक्षेचा निकाल असतो तसा कोर्टाचाही निकाल असतो. जे घडलं तोही निकाल, आणि घडलेल्यावरून न्यायाधीशाने जे ठरवलं तोही निकाल. इंग्रजीत या दोहोंना वेगळे शब्द आहेत, म्हणून त्यांच्यामध्ये निदान एक फट राहते. त्या फटीत उभं राहून विचारता येतं, की सामना हरला हे खरं, पण म्हणून माणूस कमी ठरला का? मराठीत निकाल लागला की लागला. वर 'निकालात काढणं'ही आहेच.

पहिल्या शब्दाची अडचण निराळी. 'भरती' म्हणावं तर डोळ्यांपुढे पोलीस भरतीच्या रांगा येतात : उमेदवार उन्हात, साहेब खुर्चीत. इथे सगळं उलटं. गलेलठ्ठ पगाराचा, पन्नाशीतला प्रशिक्षक सतरा वर्षांच्या मुलाच्या घरी जातो, सोफ्याच्या कडेवर बसतो, आजीची विचारपूस करतो आणि मुलाने आपल्याच कॉलेजात यावं म्हणून आईला गळ घालतो. याला मराठीत नेमका शब्द आहे, 'मागणी घालणं'. संपादकांनी तो छापला नसता, म्हणून 'खेळाडू मिळवणं' असं काहीतरी बेचव लिहून मी पुढे गेले. शब्द मात्र डोक्यातून गेला नाही. मागणी घालताना दिलेला शब्द आणि पुढे लागलेला निकाल, यांतल्या कशावरून माणूस ओळखावा?

ज्यांना हे वेड ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. पहिल्या श्रेणीत साडेतीनशेहून जास्त कॉलेजं खेळतात, मार्चमध्ये त्यांतल्या ६८ संघांची स्पर्धा होते आणि एक सामना हरला की घरी. प्रशिक्षकाचं वर्ष, कधी कधी त्याची नोकरीही, त्या चाळीस मिनिटांवर ठरते. चाहत्यांच्या तोंडी प्रशिक्षकाबद्दल एक वाक्य कायम असतं : पोरं चांगली आणतो, पण शिकवता येत नाही. आणि साधी पोरं घेऊन जिंकणारा असेल तर त्याला डोक्यावर घेतात. म्हणजे शिकवणं ही मेहनत आणि निवडणं ही निव्वळ चलाखी, असं या वाक्यातलं न बोललेलं नीतिशास्त्र आहे.

जॉन वुडन यांच्याबाबत हा वाद कधीच संपला नाही. ते मूळचे इंग्रजीचे शिक्षक. १९४८ साली लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमध्ये आले आणि १९७५ साली निवृत्त झाले. शेवटच्या बारा वर्षांत दहा राष्ट्रीय विजेतेपदं. हंगामाच्या पहिल्या दिवशी ते खेळाडूंना मोजे आणि बूट कसे घालायचे हे शिकवत, कारण मोज्याला सुरकुती राहिली की फोड येतो आणि फोड आला की सराव बुडतो. हे वाचून शिक्षक लोक हरखून जातात, मीही हरखले होते. पण संशयात्मे म्हणतात, मोज्यांचं ठीक आहे हो, पण त्या मोज्यांत पाय कुणाचे होते? तीन वर्षं ल्यू अल्सिंडर, म्हणजे पुढचे करीम अब्दुल-जब्बार. नंतर बिल वॉल्टन. दहापैकी पाच विजेतेपदं या दोघांच्या काळातली. यावर भक्तांचं उत्तर तयार असतं : मग उरलेली पाच? पहिली दोन, १९६४ आणि १९६५ची, तर उंच सेंटर नसलेल्या संघांनी जिंकली.

हा हिशेब मी कागदावर मांडला आणि मग लक्षात आलं, की हिशेब मांडण्यातच गफलत आहे. पाच वजा पाच करून शिल्लक राहील ते वुडन यांचं 'खरं' कर्तृत्व, असं आपण धरून चालतो. न्यूयॉर्कचा अल्सिंडर देशाच्या दुसऱ्या टोकाला, याच माणसाकडे का आला, हा प्रश्न त्या वजाबाकीत कुठे बसतो? आणि पहिल्या विजेतेपदाआधीची पंधरा वर्षं? तेव्हाही मोजे तसेच घालायला शिकवले जात होते. १९६३ साली कुणी त्यांना 'निकालात' काढलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं, आणि काढणाऱ्याला आपण काय काढलं हे कधी कळलंही नसतं.

इथे मला माझीच एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हे सगळं परक्या अंगणातलं शहाणपण होईल. काही वर्षांपूर्वी एका छोट्या अनुवाद-पुरस्काराच्या निवड समितीवर मी होते. अखेरीस दोन पुस्तकं उरली. एक थोर कादंबरीचा नीटनेटका अनुवाद, दुसरा एका मध्यम कादंबरीचा विलक्षण अनुवाद. त्यात मूळ लेखकाला न जमलेली वाक्यंही मराठीत उभी राहिली होती. मी पहिल्याला मत दिलं. कारण वाचून खाली ठेवल्यावर मन भरलं होतं ते त्या पुस्तकाने. मन कुणी भरलं, मूळ लेखकाने की अनुवादकाने, हे मी विचारलं नाही. म्हणजे मी संघ बघून प्रशिक्षकाला बक्षीस दिलं. नंतर बरेच दिवस ते मत टोचत राहिलं. पण आज वाटतं, टोचणीसुद्धा अर्धीच बरोबर होती. ती थोर कादंबरी मराठीत आणावी असं आजवर कुणाला सुचलं नव्हतं. त्या अनुवादकाने ती शोधली, हक्कांसाठी पत्रव्यवहार केला, प्रकाशकाला पटवलं. आम्ही अनुवादक पुस्तकाला मागणीच घालत असतो की! निवड हा कामाआधीचा भाग नाही, कामच आहे. एवढं कळूनही त्या दुसऱ्या अनुवादकाच्या बाबतीत मी चुकले, हे काही बदलत नाही.

आता निकालाकडे. १९८२चा अंतिम सामना. एका बाजूला नॉर्थ कॅरोलायनाचे डीन स्मिथ, दुसऱ्या बाजूला जॉर्जटाउनचे जॉन थॉम्पसन. दोघं मित्र, १९७६च्या ऑलिंपिक संघात थॉम्पसन स्मिथ यांचे सहायक. स्मिथ यांचा एकविसावा हंगाम आणि विजेतेपद एकही नाही. त्याआधी तीन अंतिम सामने हरलेले, त्यामुळे 'मोठा सामना यांना जिंकता येत नाही' हा शिक्का पक्का. शेवटच्या काही सेकंदांत मायकेल जॉर्डन नावाच्या पहिल्या वर्षाच्या मुलाने बास्केट केली आणि नॉर्थ कॅरोलायना ६३-६२ अशी पुढे गेली. वेळ होता, चेंडू जॉर्जटाउनकडे होता. फ्रेड ब्राउनने तो आपला गडी समजून प्रतिस्पर्धी जेम्स वर्दीच्या हातात दिला. संपलं.

त्या एका चुकीच्या पासने स्मिथ मोठे प्रशिक्षक झाले का? आदल्या मिनिटापर्यंत ते जेवढे शहाणे होते तेवढेच पुढच्या मिनिटाला होते. तत्त्वज्ञानात याला 'नैतिक नशीब' म्हणतात. १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल यांनी यावर जोडीने निबंध सादर केले. नेगेल यांचं उदाहरण असं, की ब्रेक तपासायचा आळस करणारे दोन ट्रकचालक. एकाच्या वाटेत मूल येतं, दुसऱ्याच्या येत नाही. दोष सारखा, तरी पहिल्याला आपण वेगळा न्याय लावतो आणि तो स्वतःलाही वेगळा न्याय लावतो. आपल्याकडे अशा वेळी लगेच गीतेतला फलत्याग पुढे करतात. मला तो इथे अपुरा वाटतो. फळावरची आसक्ती सोडायला करणाऱ्याला सांगता येतं. प्रशिक्षकाला नेमणाऱ्याने काय करायचं? त्याला कशावर तरी निवाडा द्यावाच लागतो, आणि फळ सोडून बाकी सगळं त्याच्या नजरेआड घडत असतं.

अगदीच नजरेआड नाही म्हणा. ती शेवटची शिट्टी वाजल्यावर थॉम्पसन यांनी काय केलं हे सगळ्या देशाने दूरदर्शनवर पाहिलं. त्यांनी ब्राउनला मिठीत घेतलं. दोन वर्षांनी, १९८४ साली, जॉर्जटाउन जिंकलं आणि हे विजेतेपद मिळवणारे थॉम्पसन पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक ठरले. ब्राउन तेव्हाही संघात होता, तेव्हाही मिठी होतीच. ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण दुसऱ्या मिठीवर सुटकेचा श्वास टाकतात, जणू तिने पहिलीचं सार्थक झालं. मला ते पटत नाही. १९८४ साली ते हरले असते तरी पहिली मिठी तेवढीच खरी होती.

याच थॉम्पसन यांच्याकडे पुढे ॲलन आयव्हरसनची आई स्वतः आली. मुलगा असामान्य खेळाडू, पण बोलिंगच्या अड्ड्यावरच्या एका मारामारीच्या खटल्यात दोषी ठरून तुरुंगात गेलेला. त्याच्या मागे लागलेली बाकीची कॉलेजं गप्प झाली होती. आईने विनवलं आणि थॉम्पसन यांनी त्याला घेतलं. पुढे १९९५ साली वरच्या न्यायालयाने पुरेशा पुराव्याअभावी ती शिक्षा रद्द केली. निकाल असेही बदलतात. आयव्हरसन दोन वर्षं खेळला, विजेतेपद आलं नाही, तो व्यावसायिक खेळाकडे निघून गेला. २०१६ साली हॉल ऑफ फेममधल्या भाषणात त्याने आपला जीव वाचवल्याबद्दल थॉम्पसन यांचे आभार मानले. कागदावरच्या हिशेबात ती दोन वर्षं विजेतेपदाविना गेली, एवढंच दिसतं.

आणि कुणाला मागणी घातली नाही, हेही मोजलं पाहिजे. १९६६च्या अंतिम सामन्यात केंटकीचे ॲडॉल्फ रप, तोवर चार विजेतेपदं मिळवलेले, संपूर्ण गोऱ्या संघासह पाच कृष्णवर्णीय खेळाडूंनी सुरुवात करणाऱ्या टेक्सस वेस्टर्नकडून हरले. त्याच वर्षी स्मिथ यांनी चार्ली स्कॉटला आणलं, नॉर्थ कॅरोलायनाचा शिष्यवृत्तीवरचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. 'पोरं आणतो' या दोन शब्दांत केवढं काय काय मावतं!

आता बोलणी सोफ्यावर कमी आणि आकड्यांत जास्त होतात. २०२१पासून खेळाडूंना आपल्या नावाचे पैसे घेता येतात आणि पहिल्यांदा कॉलेज बदलताना वर्षभर बसून राहावं लागत नाही. २०२५पासून कॉलेजं थेट पैसे देतात. जुन्या पिढीला याचं वाईट वाटतं. मला तितकंसं वाटत नाही. पूर्वी वचन देणारा प्रशिक्षक हवं तेव्हा मोठ्या पगारावर दुसरीकडे जाई, आणि त्याच्या शब्दावर आलेला मुलगा मात्र अडकून पडे. केंटकीचे जॉन कॅलिपारी तर आधीपासूनच मुलांना रोकडा सौदा सांगत : एक वर्ष माझ्याकडे खेळा, मी तुम्हाला एनबीएपर्यंत पोचवतो. त्यांना चाहते 'नुसता भरती करणारा' म्हणत. पण त्यांनी आईला सांगितलेली गोष्ट पुष्कळदा खरी केली, आणि बाकी अनेक सभ्य माणसांनी केली नाही.

स्मिथ यांच्याकडे परत येते. १९६५ साली, विजेतेपदाच्या सतरा वर्षं आधी, एक सामना हरून संघाची बस परतली तेव्हा विद्यार्थ्यांनी त्यांचा पुतळा फासावर लटकवलेला होता. बिली कनिंगहॅम या त्यांच्या खेळाडूने उतरून तो ओढून काढला. विद्यापीठाने स्मिथ यांना ठेवलं. १९९७ साली ते निवृत्त झाले तेव्हा ८७९ विजय आणि दोन विजेतेपदं त्यांच्या नावावर होती. फेब्रुवारी २०१५मध्ये ते गेले. पुढच्या महिन्यात त्यांच्या जुन्या खेळाडूंच्या घरी पाकिटं येऊ लागली. मृत्युपत्रात त्यांनी लिहून ठेवलं होतं, की आपल्या हाताखाली खेळलेल्या प्रत्येक 'लेटरमन'ला दोनशे डॉलर द्यावेत आणि त्याने बाहेर छानसं जेवावं. असे सुमारे १८० जण होते. 'लेटरमन'ला मला अजून मराठी शब्द सापडलेला नाही. ज्याला कॉलेजचं अक्षर जाकिटावर शिवायचा मान मिळाला तो, मग त्याने किती गुण केले याला महत्त्व नाही. यादीत जॉर्डनही आला आणि बाकावर बसून हंगाम काढलेलेही आले. धनादेश सगळ्यांना सारखेच होते.