झोळी पुढे करताना

हे मनन रुग्णाच्या उशाशी बसूनच करायचं आहे. भालकीतल्या घरी असाल, कलबुर्गीच्या किडवई कर्करोग केंद्रातल्या बाकावर असाल, नाहीतर सोलापूर-हैदराबादच्या वाटेवर गाडीत असाल. डोळे मिटायलाच हवेत असं नाही. सलाईनकडे लक्ष ठेवायचं असेल तर ठेवा. श्वास जसा चाललाय तसा चालू द्या.

आता गुरुचरित्रातली सावित्री आठवा. माहूरच्या घरची सून. नवरा दत्त, क्षयाने झिजून अंथरुणाला खिळलेला. औषधं करून झाली, वैद्यांनी हात टेकले. मग तिने त्याला डोलीत घातलं आणि गुरू नृसिंहसरस्वती स्वामींच्या पायाशी जायला गाणगापूरची वाट धरली. पारायणात हा भाग आला की आपलं मन पुढे धावतं, कारण शेवट ठाऊक असतो: गाव जवळ आलं आणि दत्त गेला, मग स्वामींनी त्याला उठवलं. आज पुढे धावू नका. वाटेवरच थांबा.

डोली डोळ्यांसमोर आणा. दांडा भोयांच्या खांद्यावर, आत खोकल्याची उबळ. ती शेजारून चालते आहे. पडदा जरा सरकवून बघते. पाणी हवं का, विचारते. पुढे काय होणार हे तिला माहीत नाही. तिच्या हातात आहे तो फक्त पुढचा मुक्काम.

तुमचा आजचा मुक्काम कोणता? आठची गोळी. कूस बदलून देणं. कोरडे पडलेले ओठ ओल्या कापसाने टिपणं. त्यातलं एकच मनात धरा. ते करताना जे नाव तुमच्या तोंडी आहे ते घ्या, दत्ताचं, विठ्ठलाचं, अल्लाचं, येशूचं. जपासाठी वेगळा वेळ सापडत नाही म्हणून खंत करू नका. हात चालू असतानाचा जप हा जपच आहे.

पोथी सांगते की नवरा जितके घास घेई तितकेच सावित्री घेई. तिच्या प्रेमापुढे मी हात जोडतो, पण हे तुम्ही करू नका. उपाशी माणसाच्या हातून रात्रीचं औषध चुकतं.

थोडं थांबा. श्वास.

आता गाणगापूरला या, भीमा-अमरजेच्या संगमाच्या गावी. भर दुपारी तिथे माधुकरी मागतात. मोटारीतून आलेला माणूसही झोळी घेऊन किमान पाच घरी उभा राहतो. कुणी भाकरी घालतं, कुणी भात. त्या वेळी दत्तमहाराज स्वतः भिक्षेला येतात अशी श्रद्धा आहे, म्हणून कोणता हात कुणाचा हे कुणी विचारत नाही. गुरुचरित्रात तर बिदरचा बादशहाही येतो. मांडीवरचा फोड वैद्यांकडून बरा होत नाही, तेव्हा तोही मागायलाच येतो.

तुम्हीही मागा. आडवळणाने नको. ‘माझ्या माणसाला बरं कर,’ असं सरळ म्हणा. राग आला असेल तर तोही सांगा, देवापुढे त्याला मज्जाव नाही. मग झोळी तशीच उघडी धरून बसा. तिच्यात काय पडेल ते आपल्या हाती नाही. कधी आजार उतरतो. कधी एक रात्र बिनदुखण्याची मिळते. कधी तेवढंही नाही, आणि माणूस जातो. अशा वेळी ‘तुमची श्रद्धाच कमी पडली’ असं म्हणणारा भेटला, तर त्याचं ऐकू नका. ते खोटं आहे आणि क्रूरही आहे. नवस बोलला असाल तर फेडा, पण त्याच्या भरवशावर केमोची तारीख चुकवू नका. सावित्री गाणगापूरला निघाली ती वैद्यांचे सगळे उपाय करून झाल्यावर.

आणखी एक श्वास. रुग्णाचा हात हातात घ्या. बोलायची गरज नाही.

देवापुढे झोळी धरता येते, माणसांपुढे मात्र आपण संकोचतो. तो संकोच आज सोडा. शेजारच्या खाटेजवळच्या बाईंना, चुलतभावाला, गल्लीतल्या कुणालाही विचारा: ‘तासभर इथे बसाल का?’ आणि तेवढ्या वेळात खाली जाऊन पोटभर जेवून या.